दोन महायुद्धांची तुलना करायचीय? आधी स्मारकावरची सालं वाचा

महायुद्धांवर निबंध, भाषण किंवा व्हिडिओ करायचा म्हटलं की बहुतेक जण लगेच तक्ता काढतात, डावीकडे पहिलं, उजवीकडे दुसरं, कधी सुरू झालं, किती मेले, कोण जिंकलं. मीपण बरीच वर्षं तेच करायचो. तक्ता चुकीचा नसतो, पण आज लोक या युद्धांची आठवण कशी काढतात ते त्यातून अजिबात कळत नाही, आणि ती आठवण देशागणिक इतकी वेगळी आहे की खरी तुलना तिथूनच सुरू होते.

तर पहिलं काम म्हणजे वेगवेगळ्या देशांतल्या स्मारकांचे फोटो शोधा आणि त्यावरची सालं बघा. रशियात बहुतेक ठिकाणी १९४१-१९४५ दिसेल, कारण जर्मनीने २२ जून १९४१ला हल्ला केला तिथून त्यांचं युद्ध सुरू होतं. पोलंडसाठी १ सप्टेंबर १९३९. चीनमध्ये जपानशी लढाई जुलै १९३७पासूनच पेटलेली होती आणि अमेरिकेसाठी पर्ल हार्बरवरचा जपानी हल्ला, डिसेंबर १९४१. ब्रिटनमधल्या बऱ्याच गावांत पहिल्या महायुद्धाच्या दगडावर १९१४-१९१९ कोरलेलं असतं, ती चूक समजू नका, तोफा ११ नोव्हेंबर १९१८ला थांबल्या पण जर्मनीशी युद्ध कागदावर संपवणारा व्हर्सायचा तह जून १९१९मध्ये झाला. म्हणून तुमच्या टिपणात प्रत्येक तारखेपुढे 'कोणासाठी' एवढं लिहायची सवय लावा.

मग नावं मोजा. फ्रान्समध्ये जवळजवळ प्रत्येक गावात एक स्मारक आहे, त्यावर १९१४-१८ची यादी लांबलचक, एकच आडनाव दोनदा-तीनदा येतं म्हणजे भाऊ, चुलतभाऊ असणार हे आपोआप कळतं, आणि १९३९-४५ची नावं खाली नंतर जोडलेली, थोडीशीच. फ्रान्सचे पहिल्या युद्धात १३ लाखांहून जास्त सैनिक गेले, दुसऱ्यात त्यापेक्षा फार कमी. ब्रिटनचंही तसंच. उलट सोव्हिएत संघाची दुसऱ्या युद्धात मेलेली माणसं सुमारे २ कोटी ७० लाख, आणि पहिलं युद्ध मात्र तिथे क्रांतीच्या सावलीत जवळपास विसरलं गेलं, मॉस्कोत त्याचं मोठं स्मारक उभं राहिलं ते थेट २०१४मध्ये! म्हणजे 'दुसरं जास्त भयंकर होतं' हे वाक्य लिहायच्या आधी कोणत्या गावात उभं राहून लिहितोय ते ठरवा.

आता एकच दगड जवळून बघा, माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या, म्हणजे ब्रिटन आणि तेव्हाच्या ब्रिटिश साम्राज्यातल्या सैनिकांच्या कबरी सांभाळणाऱ्या संस्थेच्या, दफनभूमीतला पांढरा दगड घ्या. वर रेजिमेंटचं चिन्ह, मग नंबर, हुद्दा, नाव, तारीख, कधी वय, धर्माचं चिन्ह. जनरल असो की साधा शिपाई, दगड सारखाच, हे तेव्हा ठरवून केलं होतं. तळाशी घरच्यांसाठी जागा, पहिल्या युद्धानंतर त्यांना जास्तीत जास्त ६६ अक्षरं मिळायची, शब्दांमधली मोकळी जागासुद्धा त्यात धरलेली. एखाद्या आईने ६६ अक्षरांत मुलाबद्दल काय लिहावं... इथे थोडं थांबा, घाई करू नका. पण सगळ्यांना असा दगड मिळाला नाही हेही लिहा. याच कमिशनने २०२१मध्ये मान्य केलं की पहिल्या युद्धातल्या आफ्रिका-आशियातल्या किमान १,१६,००० मृतांची नावं कोरली गेली नाहीत किंवा त्यांची कसलीच नोंद झाली नाही. तुलना करताना कोण गायब आहे हा प्रश्न दोन्ही युद्धांना विचाराच.

आठवणीच्या मध्यभागी कोण आहे तेही बदलतं. पहिल्याच्या आठवणीत सैनिक असतो, ११ नोव्हेंबर १९२०ला लंडनमध्ये 'अज्ञात सैनिक', म्हणजे ओळख न पटलेला एक सैनिक, सगळ्यांच्या वतीने पुरला गेला, त्याच दिवशी पॅरिसमध्येही असाच एक आणला गेला, आणि दोन मिनिटांची शांतता तर त्याच्या आदल्या वर्षापासूनची. दुसऱ्याच्या आठवणीत सामान्य माणूस पुढे येतो, बर्लिनमध्ये मारल्या गेलेल्या ज्यूंच्या स्मारकातले २,७११ काँक्रीटचे ठोकळे ज्यांच्यावर एकही नाव नाही, किंवा हिरोशिमात दर ६ ऑगस्टला सकाळी सव्वाआठला होणारी शांतता.

बातम्या बघतानाही एक पद्धत ठेवा. कुणी नेता 'हे १९३८ आहे' म्हणाला की त्याचा अर्थ ब्रिटन-फ्रान्स म्युनिक करारात हिटलरपुढे झुकले तसं झुकू नका, आणि कुणी 'हे १९१४ आहे' म्हणाला की अर्थ असा की कुणालाच नको असलेल्या युद्धात घसरू नका. दोन्ही उदाहरणं खरी आहेत पण सल्ले एकदम उलटे, म्हणून कोणतं साल निवडलंय यावरून बोलणाऱ्याला काय हवंय ते ओळखा. १९३९चा दोष कोणाचा यावर फारसा वाद नाही, १९१४चा वाद इतिहासकारांत आजही चालूच आहे, हा फरक तक्त्यात एका रकान्यात मावत नाही.

दोन्ही युद्धं एकत्र दिसतील अशी एक जागा हवी असेल तर बेल्जियममधलं ईपर शहर घ्या. तिथल्या मेनिन गेट या स्मारक-कमानीवर पहिल्या युद्धात बेपत्ता झालेल्या ५४,०००हून जास्त सैनिकांची नावं आहेत, भारतीयसुद्धा, आणि १९२८पासून रोज रात्री आठला बिगुल वाजतो. दुसऱ्या युद्धात जर्मनांनी शहर घेतलं तेव्हा तो बंद पडला, सप्टेंबर १९४४मध्ये पोलिश सैनिकांनी शहर सोडवलं आणि त्याच संध्याकाळी परत सुरू झाला.

शेवटी कमिशनच्या वेबसाइटवर जाऊन एखादं आडनाव टाका, युद्ध निवडा. भारतीय नावांचं स्पेलिंग तेव्हाच्या कारकुनाने जसं ऐकलं तसं लिहिलेलं असतं, त्यामुळे दोन-तीन प्रकारे टाकून बघा. बऱ्याचदा रेजिमेंट, तारीख, आणि कधीकधी वडिलांचं नाव आणि गावही मिळतं. ते आधी लिहून काढा, तक्ता त्यानंतर.