जुन्या थ्री-नॉट-थ्रीवरचा शिक्का कसा वाचावा

ग्वाल्हेरात, विशेषतः लष्कर भागातल्या जुन्या सरदार घराण्यांत, आजोबांच्या नावाची रायफल अजून निघते. ती ‘विलायती’ आहे असं घरचे छातीठोक सांगतात. आधी परवाना आणि चेंबर रिकामं आहे ना, हे बघा, मग शिक्का.

शॉर्ट ली-एनफिल्डवर, म्हणजे नेहमीच्या थ्री-नॉट-थ्री रायफलीवर, तो उजवीकडे, बोल्टच्या दांड्याखालच्या लोखंडी पट्ट्यावर असतो: वर मुकुट, खाली राजाची आद्याक्षरं, मग कारखाना, साल आणि मार्क, म्हणजे मॉडेलची आवृत्ती. कारखाना एनफिल्ड, बी.एस.ए. किंवा एल.एस.ए. असेल तर इंग्लंड. लिथगो म्हणजे ऑस्ट्रेलिया. ‘जी.आर.आय.’ (जॉर्ज, राजा आणि सम्राट) आणि इशापूर दिसलं तर बंदूक आपल्या बंगालातली. प्रजासत्ताकानंतर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. नंबर ४ वर, म्हणजे ली-एनफिल्डच्या नंतरच्या मॉडेलवर, ‘यू.एस. प्रॉपर्टी’ असेल तर ती बहुधा अमेरिकेत, सॅव्हेज कंपनीने बनवलेली.

नकली ओळखायला अनेकदा तारीख पुरते. व्हिक्टोरिया राणी १९०१ च्या जानेवारीत वारली, म्हणून ‘व्ही.आर.’ या तिच्या आद्याक्षरांखाली १९१५ साल असेल तर माल खैबर खिंडीकडच्या कारागिरांनी केलेली नक्कल समजावा. तिथल्या कारागिरांचं इंग्रजी स्पेलिंगही बेभरवशाचं, एन उलटा कोरलेला सापडतो! ‘डी.पी.’ (ड्रिल पर्पज) मात्र गंभीरपणे घ्या: ती फक्त कवायतीची, तिच्यातून बार काढायचा नाही.

अक्षरं पुसट असतील तर पॉलिश पेपर अजिबात नको. मऊ फडक्याला थोडं रॉकेल लावून पुसा, खडू चोळा, टॉर्च तिरपा धरा. नळीवरचं साल वेगळं निघालं तर दचकू नका, नळ्या बदलल्या जात.