टास्क कॅन्सल केला, तरी चालूच? या चुका टाळा

जावात शेड्यूल्ड एक्झिक्युटरवर (वेळेनुसार कामं चालवणारी सोय) ठरावीक वेळाने चालणारा टास्क लावणं एका ओळीचं काम. थांबवताना मात्र घोळ होतो, कारण कॅन्सल केलं की काम थांबलं असं आपण धरून चालतो. कॅन्सलची हमी एवढीच, की पुढची फेरी होणार नाही. चालू फेरीचं काय, ते तुमच्या कोडवर आहे.

कॅन्सलला ट्रू दिलं तर टास्क चालवणाऱ्या थ्रेडला (कामाच्या धाग्याला) इंटरप्ट, म्हणजे थांबण्याचा इशारा, जातो. फॉल्स दिलं तर फेरी पूर्ण होऊ देतात. पण इंटरप्ट ही विनंती आहे, सक्ती नव्हे. सर्रास दिसणारा कोड असा: व्हाइल लूप, आत स्लीप, आणि इंटरप्टेड एक्सेप्शन पकडून फक्त लॉगची एक ओळ. हे एक्सेप्शन येतं तेव्हा थ्रेडचा इंटरप्ट फ्लॅग (इशारा आल्याची खूण) पुसलेला असतो. तुम्ही ते गिळलंत की लूप पुन्हा सुखेनैव फिरू लागतो. कॅचमध्ये फ्लॅग परत लावा आणि लूपमधून बाहेर पडा. साध्या सॉकेटच्या रीडमध्ये अडकलेला थ्रेड तर इंटरप्टला दादच देत नाही. तिथे रीड टाइमआउट हवा, नाहीतर सॉकेटच बंद करावं लागतं.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे टास्क संपला का ते सांगणारं ‘इज डन’. कॅन्सल यशस्वी झालं की ते लगेच ट्रू देतं, टास्क आत अजून चालू असला तरी! त्यावर भरवसा ठेवून डेटाबेस कनेक्शन बंद केलं, तर चालू फेरी अर्ध्यावर आपटते. आधी एक्झिक्युटरचं शटडाउन, मग सगळं संपण्याची ठरावीक वेळ वाट बघणारं अवेट टर्मिनेशन, त्याने ट्रू दिलं तरच कनेक्शन बंद.

टास्क थांबला तरी प्रोग्राम संपत नाही? एक्झिक्युटरच्या पूलचे थ्रेड डीमन (ज्यांच्यासाठी प्रोग्राम थांबत नाही असे) नसतात, शटडाउन राहिलं असणार. आणि शटडाउन करूनही रेंगाळत असेल, तर एकदाच चालणारा एखादा उशिराचा टास्क रांगेत आहे का बघा. शटडाउन फेऱ्यांचे टास्क रद्द करतं, पण असल्या टास्कसाठी थांबतं. निदान डिफॉल्ट तरी तसंच आहे. शटडाउन नाऊ रांगही रिकामी करतं.

उलटंही होतं: कोणी न थांबवता टास्क बंद पडतो, लॉगमध्ये अवाक्षर नाही. फेरीतून एक्सेप्शन बाहेर पडलं की पुढच्या फेऱ्या गुपचूप रद्द होतात. म्हणून टास्कच्या रन मेथडमधला सगळा कोड ट्राय-कॅचमध्ये ठेवा, आणि कॅचमध्ये निदान लॉग तरी करा.