ऑफिसच्या कामाने चार दिवस मायदेशी

मॅनेजरने "पुढच्या महिन्यात तिकडच्या टीमसोबत आठवडाभर बसशील का?" असं विचारलं की आपण तारखाही न बघता हो म्हणून मोकळे होतो. मीही झाले होते. पहिल्या वेळी ना काम धड झालं, ना घर. तेव्हापासून तीन वेळा गेले, आणि आता माझं थोडं गणित बसलंय.

सगळ्यात आधी रजा. कामाच्या दिवसांना दोन-तीन दिवस जोडून मागा, पण तोंडी नको. कामाचे दिवस कोणते, रजेचे कोणते, तारीख बदलल्यामुळे तिकिटात पडणारा फरक कोण भरणार, कंपनीचा प्रवास विमा रजेतही चालतो का, हे सगळं एकाच मेलमध्ये येऊ द्या. नागरिकत्व बदललेलं असेल तर मायदेशीही व्हिसा लागू शकतो, आणि 'घरीच तर चाललोय' म्हणून पर्यटक व्हिसावर ऑफिसात जाऊन बसू नका. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून अधिक आहे ना, हेही बघा. एक मोह मात्र टाळाच: आलोच आहोत तर राहतो त्या देशाच्या व्हिसाचा नवा शिक्का इथूनच घेऊ, हा. पासपोर्ट वकिलातीत अडकला की परतीचं तिकीट हातात धरून बसावं लागतं.

रजा कामाच्या आधी घ्यायची की नंतर? माझं मत ठाम आहे: नंतर. आपण उतरतो तेव्हा शरीराचं घड्याळ जुन्याच वेळेवर चालू असतं. ते दिवसाला साधारण तासभर सरकतं, पूर्वेकडे गेलं तर आणखी कुरकुर करत. म्हणजे एवढ्या दिवसांत ते पुरतं जुळणारच नाही, तेव्हा जुळवण्याच्या नादी लागण्यापेक्षा मीटिंगा हलवा. पूर्वेकडे उडून आला असाल तर सकाळी दहाला तुमच्या शरीराची अजून पहाटच असते, म्हणून महत्त्वाचं बोलणं दुपारी तीन-चारला ठेवा. पश्चिमेकडे आलात तर उलट. सकाळी लख्ख जाग असते, दुपारी चारनंतर मान टेबलावर.

याच कारणाने कामाच्या रात्री मी ऑफिसजवळच्या हॉटेलात राहते. यावरून आई चिडली होती. "घर काय ओस पडलंय का?" मी म्हटलं, "अगं, घरी आले तर रात्री तीनला उठून खुडबुड करेन आणि संध्याकाळी सातला झोपेन. तुला माझी पाठच दिसेल." तिला पटलं नाही. पण शुक्रवारी संध्याकाळी बॅग घेऊन दारात उभी राहिले, तेव्हा लॅपटॉप बंद होता, हे तिनं बरोबर हेरलं.

मावशी, आत्या, काका यांच्यापासून येणं लपवू नका. मी एकदा लपवलं, आणि ऑफिसातल्या कोणीतरी टाकलेल्या फोटोत मी हसत उभी. मावशी चार महिने बोलली नाही. त्यापेक्षा आधीच सांगा: "कामाने येतेय, या वेळी भेटायला जमणार नाही, फोन करते." आणि फोन कराच.

निघण्याच्या आठवडाभर आधी तिकडचं जुनं सिम फोनमध्ये घालून बघा. माझं बंद पडलं होतं. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर, त्यामुळे स्वतःच्याच खात्यात मी परकी. लॅपटॉप दुसऱ्या देशातून लॉग इन होईल ना, हेही आयटीवाल्यांना आधीच विचारा.

कामाचे कपडे, चार्जर, औषधं केबिन बॅगेत. भेटवस्तू चेक-इनच्या बॅगेत. ती उशिरा आली तरी काम अडत नाही. (मॉन्ट्रियल करार हा विमान कंपन्यांच्या जबाबदारीचा आंतरराष्ट्रीय करार; तो लागू असलेल्या प्रवासात, बॅग हातात आल्यापासून 21 दिवसांत उशिराची लेखी तक्रार करता येते.) पॉवर बँक केबिनमध्येच न्यायची, आणि 100 वॉट-अवरपर्यंतचीच घ्या. 20,000 एमएएचची पॉवर बँक साधारण 74 वॉट-अवरची, म्हणजे चालते. चार्जरवर '100-240 व्होल्ट' लिहिलेलं असतं, म्हणजे तो दोन्ही देशांत चालतो. केस वाळवायच्या यंत्रावर बहुधा नसतं, ते घरीच ठेवा. टॅक्सीच्या पावत्यांचा त्याच दिवशी फोटो काढा, त्या गुळगुळीत कागदावरची अक्षरं हळूहळू उडतात.

घरची कामं दोनच निवडा. माझी यादी एकदा चौदांची होती. त्यातली तीन झाली, तीही भांडून. आणि रजेतली एक दुपार पूर्ण कोरी ठेवा. बाबांच्या फोनमध्ये जागा उरली नव्हती, ते काम मी अर्ध्या तासाचं धरलं होतं. बाबा प्रत्येक फोटोपाशी थांबले. हा कोणाच्या साखरपुड्याचा, हा डॉक्टरकडच्या रांगेतला, त्या रांगेत कोण भेटलं, तो काय म्हणाला. सात फोटो तर त्यांच्याच अंगठ्याचे होते, त्यातला एक त्यांनी पुसू दिला नाही. मागे कोपऱ्यात आई दिसत होती म्हणे. तीन तास गेले. जागा झाली 200 एमबी.