जादूच्या वस्तूंचं दुकान उघडताय? या चुका टाळा

डन्जन्स अँड ड्रॅगन्स म्हणजे डाइस टाकत, गोष्ट रचत खेळायचा खेळ, प्लेयरांची टोळी म्हणजे पार्टी आणि एक बैठक म्हणजे सेशन. इंदूरमधल्या आमच्या ओळखीच्या टेबलांवर कोणी नवीन डीएम (डन्जन मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारा) बसला की दोन-चार सेशननंतर त्याचा मेसेज येतोच, "दादा, पार्टीकडे गोल्ड साचलंय, त्यांना मॅजिक आयटम घ्यायचेत, रेट लिस्ट आहे का?" मी प्रत्येकाला एकच उलटा प्रश्न करतो, विकणारा कोण आहे? रेट नंतर बघू. या खेळात मॅजिक आयटमच्या, म्हणजे जादूच्या वस्तूंच्या, धंद्याचा जो काही गोंधळ होतो ना, त्यातला बहुतेक याच एका प्रश्नाचं उत्तर न शोधल्यामुळे होतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे किराणा दुकान. शहरात शिरले, पाटी दिसली, आत सगळं मांडून ठेवलंय, लिस्ट वाचा आणि उचला. 2014 च्या डन्जन मास्टर्स गाइडमध्ये, म्हणजे डीएमच्या नियमपुस्तकात, दुर्मिळतेवरून भावाचे टप्पे दिलेत, अनकॉमन 101 ते 500 गोल्ड, रेअर 501 ते 5000, व्हेरी रेअर 5001 ते 50,000. पण त्याच पुस्तकात हेही लिहिलंय की तुम्ही वेगळं ठरवलं नाही तर बहुतेक मॅजिक आयटम बाजारात विकत मिळतच नाहीत. हे वाक्य कोणी वाचत नाही, भावांच्या तक्त्याचा तेवढा फोटो काढून ग्रुपवर टाकतात.

रामबागेतल्या एका टेबलावर मी प्लेयर होतो तेव्हाची गोष्ट. डीएम नवीन, उत्साही, मेहनती मुलगा. पार्टी तिसऱ्या लेव्हलची, म्हणजे अजून कच्ची, चौघं जण, आणि आधीच्या लुटीतून सगळे मिळून दोन हजार गोल्ड जमलेलं. त्याने दुकान उघडलं आणि लिस्टमध्ये ब्रूम ऑफ फ्लाइंग होता, अनकॉमन, म्हणून 500 गोल्ड. आमच्यातला एकजण लगेच म्हणाला, "भिया, चार दे दे." आणि त्याने दिले पण! आता बघा, त्याच खेळात साधा, बिनजादूचा प्लेट आर्मर 1500 गोल्डला मिळतो. म्हणजे उडायचा झाडू लोखंडी चिलखताच्या एक तृतीयांश भावात, त्याला अट्यूनमेंट (वस्तू वापरण्याआधी स्वतःशी जोडून घेणं) लागत नाही आणि वेग एका पाळीत 50 फूट. पुढचं सेशन दरीचं होतं. तुटलेला पूल, खाली नदी, पलीकडे आउलबेअरची (घुबडाचं तोंड, अस्वलाचं अंग) जोडी, नकाशा त्याने हाताने रंगवलेला. आम्ही साठ फुटांवरून उडत उडत बाण मारले, आउलबेअर खाली नुसते वर बघत गरागरा फिरत होते आणि तो नकाशा गुंडाळून ठेवावा लागला. त्यानंतर त्याने प्रत्येक शत्रूच्या हातात धनुष्य दिलं, मग प्रत्येक गुहेचं छत सहा फुटांवर आलं, मग प्लेयर चिडले की आम्ही पैसे मोजलेत आणि तू आम्हाला वापरू देत नाहीस, आणि दोघांचंही बरोबर होतं. कॅम्पेन, म्हणजे ती सलग चालणारी गोष्ट, पावसाळ्यापर्यंत सुद्धा टिकलं नाही.

चूक भावाची होती असं लोक म्हणतात, दोन हजार लावायला हवे होते. मला नाही पटत. भाव वाढवला असता तर दोन सेशन उशिरा तेच झालं असतं. चार झाडू एकाच दुकानात का होते, हा प्रश्न आहे. सराफ्यात सोन्याचा भाव रोज लागतो कारण घेणारे-विकणारे शेकड्याने आहेत, पण उडणाऱ्या झाडूचा भाव कुठला बाजार लावणार, अख्ख्या राज्यात असतील दोन!

माझी पद्धत सोपी आहे. कुठल्याही शहरात विकाऊ मॅजिक आयटम जास्तीत जास्त तीन, आणि प्रत्येकाच्या मागे एक माणूस. कर्जात बुडालेला सरदार, नवरा गेलेली जादूगारीण, देवळाचा पुजारी ज्याला ती वस्तू घरात नको आहे. मग घासाघीस आपोआप होते, आणि तुम्हाला नको ती वस्तू बाजारात येतच नाही. घाई असेल तर झनाथर्स गाइड टू एव्हरीथिंग या पूरक नियमपुस्तकातला 2017 चा नियम वापरा, वस्तू शोधायलाच किमान एक आठवडा आणि 100 गोल्ड खर्च, आणि काय मिळेल ते डाइसवर. प्लेयर कुरकुर करतात की एवढा वेळ कोण घालवणार. घालवू दे की! ज्याला सगळं आत्ताच हवंय त्याला दहाव्या लेव्हलला काहीच नको असतं, हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय.

दुसरी चूक विक्रीची, आणि ही जुने लोकसुद्धा करतात. पार्टी खेड्यात येते, रेअर दर्जाची फ्लेम टंग तलवार काढते, डीएम म्हणतो ठीक आहे, चार हजार लिहून घ्या. अरे, खेड्यात चार हजार गोल्ड आहेत कोणाकडे? थर्ड एडिशनवाल्यांनी, म्हणजे खेळाच्या नियमांच्या तिसऱ्या आवृत्तीने, याचा विचार केला होता. तिथे वस्तीच्या आकाराप्रमाणे मर्यादा होती, 90 लोकांच्या वाडीत 100 गोल्डच्या वरची वस्तू घेणं-देणं नाही आणि गावातली सगळी रोकड मिळून 450. तो तक्ता मी आजही वापरतो, एडिशन कुठलीही असो.

आणि समजा कोणी दहा हजार गोल्ड दिलेच, तर 50 नाण्यांचा एक पाउंड, म्हणजे 200 पाउंड, नव्वद किलो नाणी! 10 स्ट्रेंग्थवाला, म्हणजे साधारण ताकदीचा माणूस 150 पाउंड वाहून नेतो. त्यामुळे मोठा व्यवहार मी नाण्यांत करतच नाही. रत्नं देतो, नाहीतर जमीन, जहाजात हिस्सा, एखाद्या नाक्याचा वसूल. माझं सगळ्यात आवडतं म्हणजे हुंडी. आपल्याकडे साहूकार लिहायचे तशी, दुसऱ्या शहरातल्या पेढीवर. पार्टीला तिथे जावं लागतं, वाटेत ती चोरीला जाऊ शकते, पेढीवाला म्हणू शकतो की मुदत अजून झाली नाही. तलवार विकली आणि त्यातूनच पुढची तीन सेशन निघाली.

वस्तू विकली की अर्धा भाव मिळतो, हा नियमही डोळे झाकून लावू नका. थर्ड एडिशनमध्ये विकताना अर्धे मिळायचे कारण बनवायलाही अर्धेच लागायचे, वर बनवणाऱ्याचे एक्सपीरियन्स पॉइंट (लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण) जायचे, म्हणून कारखाना काढून फायदा नव्हता. फोर्थ एडिशनमध्ये 2008 साली तर विक्री पाचव्या हिश्शावर आणली. प्रत्येक एडिशनचा हिशोब आपापल्या जागी बसतो, एकीचा भाव आणि दुसरीची विक्री घेतली की भोक पडतं आणि प्लेयर ते भोक पहिल्याच दिवशी शोधतात.

क्राफ्टिंगचं, म्हणजे वस्तू स्वतः बनवण्याचं, तसंच. झनाथर्समध्ये अनकॉमन वस्तू दोन आठवडे आणि 200 गोल्डमध्ये बनते, विक्रीचा मूळ भाव 400. लोक एवढंच वाचतात आणि फॅक्टरी सुरू. तिथेच फॉर्म्युला, म्हणजे बनवायची कृती, पाहिजे आणि एखादी दुर्मिळ सामग्री पाहिजे असं आहे, अनकॉमनसाठी ती 4 ते 8 चॅलेंज रेटिंगच्या (हा आकडा प्राणी किती भारी ते सांगतो) प्राण्याशी सामना करून मिळवायची. ही अट शॉर्टकट म्हणून उडवू नका, सगळा तोल तिच्यावर आहे.

बाकी छोट्या गोष्टी. हीलिंग पोशन 50 गोल्डला खुशाल विका, त्याने काही बिघडत नाही. अट्यूनमेंट एकाला तीनच वस्तूंचं, दर सेशनला तपासा. मारलेल्या प्रत्येक शिपायाकडे प्लस वन (साध्यापेक्षा थोडी सरस, जादूची) तलवार ठेवू नका, पार्टी ती गाडीत भरून विकायला आणणारच.

आणि आधीच बिघडलं असेल तर? चोर पाठवून वस्तू पळवणारा डीएम मला अजिबात आवडत नाही, प्लेयरचा विश्वास एकदा गेला की गेला. समोर बसवून सरळ सांगा की हे झाडू मी चुकीच्या भावात दिले, त्याच्या बदल्यात मी तुम्हाला किल्ल्याची जागा देतो, दोन झाडू राजाला परत विका. ऐकतात लोक. गोल्ड जास्त झालं असेल तर खर्चाच्या जागा द्या, पगारी माणसं, जहाज, वाड्याची डागडुजी, आणि नवी लूट देताना दोन सेशन नाणी बंद करून नुसत्या बातम्या द्या, कोणाकडे काय आहे आणि त्याला त्याच्या बदल्यात काय हवंय.