पासिर गुडांगचं पतंग म्युझियम बघताना
सिंगापूरला जाताय तर शेजारच्या मलेशियातल्या जोहोर राज्यातलं पासिर गुडांगचं पतंग म्युझियम एका दिवसात करून येता येतं, फक्त सिंगापूरचा व्हिसा मल्टिपल एंट्री आहे ना ते आधी बघा, आणि बॉर्डरला वीकेंडला तुफान गर्दी असते म्हणून वीकडेला सकाळी लवकर निघा. म्युझियम उघडं आहे का तेही विचारून घ्या.

आत आधी वाउ बुलान बघा, वाउ म्हणजे मलेशियाचा पारंपरिक पतंग आणि बुलान म्हणजे चंद्र. खालचा भाग चंद्रकोरीसारखा, बांबूचा सांगाडा आणि त्यावर रंगीत कागदाची नक्षी कापून थरावर थर चिकटवलेली, ती अगदी जवळून बघा, काय हात आहे त्या लोकांचा! डोक्याकडे धनुष्यासारखी पट्टी असते, वाऱ्यात तीच घुमते. मग वाउ कुचिंग (कुचिंग म्हणजे मांजर) शोधा, मलेशिया एअरलाइन्सचा लोगो यावरूनच घेतलाय. बाहेरच्या देशांचे पतंग यानंतर बघा म्हणजे फरक लगेच कळतो.