घरी बांधलेली शिडाची होडी धरणावरच्या मुक्कामी सफरीसाठी कशी तयार करावी

नागपूरच्या लकडगंजातून प्लायवूड आणलं, फळ्या तारेने शिवल्या, इपॉक्सी (दोन भाग कालवून लावायचं, वाळून कडक होणारं चिकट रसायन) आणि फायबरग्लासच्या पट्ट्या बसवल्या, रंग दिला. आता अंगणात बारा-तेरा फुटांची होडी उभी आहे. पुढचा प्रश्न असतो तिच्यात काय काय बसवायचं. बहुतेक जण कंपास, दिवे, कप्पे, गाद्या यांची यादी करतात. माझं ठाम मत आहे की आधी तीनच गोष्टी करा: होडी उलटली तरी तरंगत राहिली पाहिजे, शीड दोन मिनिटांत लहान करता आलं पाहिजे आणि वारा पडला तर वल्ह्यांवर घरी येता आलं पाहिजे. या तीन गोष्टी होईपर्यंत एक रुपयाही दुसरीकडे घालू नका.

पाणी कोणतं निवडायचं

अंबाझरी आणि फुटाळा नागपूर शहरातले तलाव आहेत. एकात जलपर्णी, दुसऱ्यात कारंजी, आणि आकारही मुक्कामाच्या सफरीला पुरणारा नाही. तोतलाडोह पेंच व्याघ्र प्रकल्पात येतो, तिथे आपली होडी घालायचा विचारच सोडा. पहिल्या सरावाला रामटेकजवळचा खिंडसी तलाव चांगला. तिथे पर्यटकांसाठी नौकाविहार चालतो, त्यामुळे काठावर माणसं असतात आणि अडचणीत हाक मारता येते. हात बसला की मग गोसीखुर्द. नागपूरहून उमरेड, भिवापूर करत पवनीकडे गेलं की वैनगंगेचं हे मोठं पाणी लागतं, आणि इथे दोन दिवस फिरण्यासारखं खरोखर काही आहे.

कुठेही गेलात तरी जलाशय ज्या खात्याच्या ताब्यात आहे त्यांच्याकडे लेखी अर्ज करून परवानगी घ्या. बहुतेक ठिकाणी ते जलसंपदा विभागाचं कार्यालय असतं. होडीला इंजिन किंवा मोटर लावलीत तर अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ प्रमाणे नोंदणी आणि तपासणीचा विषय येतो. निव्वळ शीड-वल्ह्याची होडी ठेवण्यामागे माझं हेही एक कारण आहे.

ऋतू नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यानंतर धरणं भरलेली असतात, ऊन सोसण्यासारखं असतं. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर अचानक वादळ उठतं, विजा पडतात, आणि मोकळ्या पाण्यावर सगळ्यात उंच वस्तू तुमची डोलकाठी असते. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेलं ‘दामिनी’ ॲप विजांचा इशारा देतं, ते फोनमध्ये ठेवाच. पावसाळ्यात गोसीखुर्दचे दरवाजे केव्हाही उघडतात. ३३ दरवाज्यांच्या त्या भिंतीपासून तर कोणत्याही ऋतूत लांबच राहा.

तरंगण्याची सोय

प्लायवूड स्वतः तरंगतं, पण नांगर, सामान आणि आत बसलेला माणूस यांचा भार ते पेलत नाही. पाण्याने भरलेल्या होडीत एक जण बसून पाणी उपसू शकला पाहिजे, हे आपलं माप. एक लिटर बंद हवा साधारण एक किलो वजन उचलते. बारा-तेरा फुटी होडीला दीडशे ते दोनशे लिटर बंद जागा हवी. ती पुढच्या टोकाला, मागच्या टोकाला आणि दोन्ही बाजूंच्या बाकांखाली वाटून द्या. एकाच टोकाला दिलीत तर भरलेली होडी दुसऱ्या टोकावर उभी राहते.

बंद कप्पे बांधले नसतील तर वीस लिटरचे झाकणबंद प्लास्टिकचे कॅन बाकांखाली बांधा. पण बांधायचे ते रुंद पट्ट्यांनी आणि आरपार बोल्ट घातलेल्या कड्यांना. पाण्याखाली गेलेला प्रत्येक कॅन वीस किलोच्या जोराने वर ओढत असतो, सुतळी तिथे टिकत नाही. बंद कप्प्यांना झाकणं असतील तर काठावर होडी उन्हात ठेवताना ती उघडी ठेवा. नाहीतर आतली हवा तापून फुगते आणि जोड उकलतात.

एक जागा नीट पाहा: सेंटरबोर्डची, म्हणजे होडी वाऱ्याने आडवी सरकू नये म्हणून तळातून पाण्यात सोडायच्या फळीची, पेटी. होडी पाण्याने भरली असताना पेटीचं वरचं तोंड पाण्याच्या पातळीच्या खाली गेलं, तर तुम्ही बादलीने जेवढं काढाल तेवढं पाणी त्या फटीतून आत येत राहतं. उपसणारा थकून जातो, होडी तशीच. किनाऱ्याजवळ कमरेएवढ्या पाण्यात होडी मुद्दाम भरून ही पातळी बघा. पेटी बुटकी असेल तर तिची उंची वाढवा, निदान पेटीवर घट्ट बसणारी रबराची पट्टी लावा. आणि सेंटरबोर्डला असा दोर बांधा की होडी पालथी झाली तरी बोर्ड सरकून पेटीत परत जाणार नाही. उलटलेली होडी सरळ करायला उभं राहायचं ते त्याच फळीवर.

सेंटरबोर्ड खिळीवर फिरणाराच हवा. वरून सरळ घालायची फळी, म्हणजे डॅगरबोर्ड, करायला सोपी, पण गोसीखुर्दच्या पाण्याखाली बुडालेली झाडं आणि त्यांचे खुंट आहेत. सरळ फळी खुंटावर आदळली की पेटीच तळातून उखडते. फिरणारा बोर्ड नुसता वर उचलला जातो. सुकाणूलाही असाच बिजागरीचा सांधा द्या.

शीड आणि ते लहान करणं

अशा होडीला लग शीड, म्हणजे तिरप्या काठीवरून टांगलेलं चौकोनी शीड, घ्या, सात-आठ चौरस मीटरचं. डोलकाठी आखूड राहते, सगळ्या काठ्या होडीच्या लांबीत मावतात, पिकअपवर न्यायला त्रास नाही. पहिलं शीड चांगल्या प्रतीच्या ताडपत्रीचं शिवून शिका, मग डेक्रॉनचं, म्हणजे शिडासाठीच्या पॉलिएस्टर कापडाचं, करा. पण ताडपत्रीच्या शिडालासुद्धा शीड लहान करायच्या, म्हणजे रीफच्या, दोन ओळी शिवून घ्याच. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. बारा किलोमीटर वेगाच्या मजेशीर वाऱ्यातलं शीड पंचवीसला होडी पालथी करतं.

रीफ घ्यायची पद्धत अशी:

१. होडीचं तोंड वाऱ्याकडे वळवा, शक्य असेल तर नांगर टाका. हॅलियर्ड, म्हणजे शीड चढवायचा दोर, सोडून शीड होडीत उतरवा.

२. खालच्या काठीच्या पुढच्या टोकाला शिडाचा नवा पुढचा कोपरा पक्का बांधा.

३. नवा मागचा कोपरा मागे जोरात ताणून बांधा. सगळा ताण या दोन कोपऱ्यांवर यायला हवा.

४. मधलं उरलेलं कापड गुंडाळून छोट्या दोऱ्यांनी सैलसर बांधा. त्यांवर ताण आला तर शीड तिथेच फाटतं.

५. शीड पुन्हा चढवा.

हे आधी गच्चीवर करा. डोळे मिटून जमेपर्यंत करा. पाण्यावर नियम एकच: लाटांवर पांढरा फेस जागोजागी दिसू लागला की चर्चा न करता रीफ. आणि शिडाचा तो दोर, शीट, ज्याने शीड आत-बाहेर करतो, तो कायम हातात. गाठ मारून ठेवायचा नाही. झोत आला की नुसता सोडून दिला तरी होडी सावरते.

वल्ही, नांगर, दोर

हिवाळ्यात आपल्याकडे सकाळी वारा जवळजवळ नसतो, अकराच्या सुमारास उठतो आणि दिवस मावळता मावळता पडतो. म्हणून वल्ही दिखाव्याची नकोत. वल्ह्यांच्या कड्यांमध्ये चार फूट अंतर असेल तर वल्ही पावणेआठ ते आठ फुटांची लागतात. बसायची फळी, कड्या आणि पाय टेकायची पट्टी नीट जागी असली तर एक माणूस सामानासकट तासाला तीन-चार किलोमीटर आरामात काढतो.

नांगर तीन-चार किलोचा पुरे, त्याला दोन मीटर साखळी आणि पुढे आठ मिलिमीटरचा नायलॉनचा दोर. नायलॉन ताणला जातो, झटका खातो. शीड चढवायला मात्र पॉलिएस्टरचा दोर, तो ताणला जात नाही. स्वस्त निळा-पिवळा पॉलिप्रॉपिलिनचा दोर उन्हात एका मोसमात कुसकरतो, तो फक्त तात्पुरत्या बांधाबांधीला. पाच मीटर खोलीला पंचवीस ते पस्तीस मीटर दोर सोडायचा. नांगराच्या बुडाला दुसरा बारीक दोर बांधून वर रिकामी बाटली तरंगती ठेवा. खुंटात अडकलेला नांगर त्या दोराने उलटा ओढला की सुटतो.

नागपूरचं ऊन

हा भाग समुद्रकिनाऱ्यावरच्या माहितीत फारसा मिळत नाही. साधं, घरी लावलेलं इपॉक्सी पन्नास-साठ अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं, आणि मे महिन्यात गडद रंगाचा पृष्ठभाग सहज तिथवर तापतो. होडीला बाहेरून पांढरा किंवा मलई रंग द्या, आतून फिकट राखाडी, म्हणजे चकाकी डोळ्यांवर येत नाही. इपॉक्सीला अतिनील किरणही सोसत नाहीत, नुसतं पारदर्शक ठेवू नका. डागडुजी उन्हाळ्यात करायचीच असेल तर पहाटे करा. थोडं थोडं मिश्रण पसरट भांड्यात कालवा. खोल डब्यात ते स्वतःच्या उष्णतेनेच दगड होतं.

सफरीत सावलीसाठी शिडाची खालची काठी उचलून तिच्यावर जाड सुती कापड टाका, त्याचाच रात्री तंबू होतो. पाणी माणशी दिवसाला पाच लिटर, घरून भरलेलं. नाग नदीतून शहराचं सांडपाणी कन्हानमार्गे वैनगंगेत आणि पुढे गोसीखुर्दमध्ये येतं, तेव्हा ते पाणी उकळूनही पिऊ नये. जेवण कोरडं न्या: भाकरी, ठेचा, तिखट पुऱ्या, सातूचं पीठ. स्टोव्ह पेटवायचा तो काठावर उतरूनच.

पहिली मुक्कामी सफर

आधी काठाजवळ, लाइफ जॅकेट घालून, होडी मुद्दाम उलटवा. होडीला धरून राहा, पोहत काठ गाठायचा प्रयत्न नाही. शीट मोकळी आहे का बघा. एकाने सेंटरबोर्डवर चढून मागे झुकायचं, दुसऱ्याने आत अंग सैल ठेवून तरंगायचं, म्हणजे होडी सरळ होताना तो तिच्यातच उचलला जातो. मग बादलीने उपसायचं. बादली, वल्ही, पाण्याचे कॅन, सगळं बांधलेलं होतं का ते इथेच कळतं. जे वाहून गेलं त्याला दोर लावा.

निघताना घरच्यांना आणि काठावरच्या गावच्या पोलीस पाटलांना मार्ग आणि परतायची वेळ सांगा. पवनीच्या बाजूला काही काठ उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याला लागून आहेत, तिथे उतरू नका. मुक्कामाची जागा गावाला विचारूनच ठरवा.

सगळ्यात मोलाची माहिती मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांकडे असते. डोंगा दिसला की शीड सैल सोडा, थांबा आणि विचारा, “भाऊ, जाळं कुठवर टाकलं आहे? इकडून जाता येते का?” उत्तर साधारण असं मिळतं, “तिकडं खुंट आहेत जी, असे डावीकडून काढा.” ते ऐकायचंच. जाळ्याचे तरंगते डबे किंवा बाटल्या दिसल्या तर रांगेच्या टोकाला वळसा घाला. चुकून वर आलात तर बोर्ड आणि सुकाणू उचलून घसरत जा. अडकलं तर सुरी काढायची नाही, हाताने सोडवायचं. ते जाळं कुणाची तरी आठवड्याची कमाई आहे.

पहिल्या दिवशी अंतर कमी ठेवा. वाऱ्याच्या विरुद्ध जाऊन मुक्काम करा, म्हणजे दुसऱ्या दिवशी थकलेले असताना वारा पाठीशी मिळण्याची शक्यता राहते. साडेचारला मुक्कामाच्या जागी पोहोचलेलं असावं. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहा अंशांपर्यंत उतरतो आणि पाण्यावर दव पडतं, म्हणून कोरड्या पिशवीत एक जाड पांघरूण आणि कपड्यांचा एक जोड वेगळा ठेवा.

परतल्यावर होडी साध्या पाण्याने धुऊन कप्प्यांची झाकणं उघडा, शीड सावलीत वाळवा. बोर्डच्या पेटीत आणि सुकाणूच्या सांध्यात अडकलेले जलपर्णीचे तुकडे हाताने काढून उन्हात टाका. तेवढा एक तुकडा दुसऱ्या तलावात गेला तरी तिथे ती पसरते.