एक रोलर हलवला की मेट तुटायचे, ते असं सुटलं

कन्व्हेयरची असेंब्ली (सगळे पार्ट जोडलेलं मॉडेल) होती, सॉलिडवर्क्स या थ्रीडी डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये. प्रत्येक रोलर शेजारच्या रोलरला मेट केलेला (मेट म्हणजे पार्टची एकमेकांशी जागा ठरवणारं बंधन), म्हणजे सगळी साखळीच. कस्टमरने दोन रोलरमधलं सेंटर अंतर ३०० वरून ३५० मिमी करायला सांगितलं की मधलाच एखादा मेट लाल व्हायचा, म्हणजे तुटायचा, आणि मागचे सगळे रोलर भरकटायचे.

मी पार्ट-टू-पार्ट मेट काढून टाकले. असेंब्लीच्या फ्रंट प्लेनवर (समोरच्या आधार-पातळीवर) एक स्केच काढलं: ओरिजिनमधून (शून्य बिंदूतून) आडवी सेंटरलाइन, तिच्यावर प्रत्येक रोलरसाठी एक पॉइंट, लगतच्या पॉइंटमध्ये ३०० चं डायमेन्शन. मग प्रत्येक रोलरची टेम्पररी अॅक्सिस (गोल पार्टच्या मधोमध आपोआप मिळणारी रेषा) त्याच्या पॉइंटला कोइन्सिडंट, म्हणजे त्या पॉइंटमधूनच जाणारी.

स्केचमधलं कुठलंही डायमेन्शन पार्टच्या फेसवरून घेऊ नका, हे मी आवर्जून सांगेन. पार्ट स्केचवर अवलंबून आणि स्केच पार्टवर, असं झालं की सर्क्युलर रेफरन्स होतो आणि रीबिल्ड (मॉडेल नव्या मापांनी पुन्हा बनणं) संपता संपत नाही. प्लेन, ओरिजिन, बस. स्केच काळं, म्हणजे पूर्ण डिफाइन, झाल्याशिवाय मेटला हात लावायचा नाही.

नंतर ३०० ऐवजी ३५० टाकून रीबिल्डसाठी कंट्रोल-बी दाबलं. सगळे रोलर सरकले, एकही लाल खूण नाही. बाजूच्या फ्रेमची भोकंही आता त्याच स्केचवरून घेतो.